एरोनॉटिकलचा अर्ज: जन्मस्थळ, व्हॅलिडिटी आणि ३१ मार्च

गडहिंग्लजची एक मुलगी. दहावी तिथलीच, बारावी तिथलीच, इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीला, पर्सेंटाइल उत्तम. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज छाननीत त्रुटी दाखवून परत आला. कारण एकच: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ कर्नाटकातलं निपाणी.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी आयांचं माहेर निपाणी, संकेश्वर, बेळगाव. सोयरीक जुळवताना राज्याची हद्द कोण बघतं? प्रवेशाचा नियम मात्र बघतो. ‘अ’ प्रकारचा उमेदवार ठरायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, आणि त्याशिवाय एकतर जन्म महाराष्ट्रातला हवा किंवा अधिवासाचा दाखला हवा. सतरा वर्षं मूल आजऱ्यात वाढलं, हे तिथं तोंडी सांगून चालत नाही. म्हणून आज, हे वाचता वाचता, दाखला कपाटातून काढा आणि जन्मस्थळाची ओळ वाचा. गाव कर्नाटकातलं असेल, किंवा तालुका-जिल्हा लिहिलेलाच नसेल, तर ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास’ हा दाखला काढायला घ्या. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून अर्ज होतो. सोबत रहिवासाचे पुरावे, शाळेचा दाखला, तलाठ्याचा रहिवासी दाखला. शाळेच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ असं छापलेलं आहे का, तेही बघून ठेवा.

चंदगडकरांची अडचण वेगळी. मुलं बारावीला बेळगावला जातात, कारण ते कोल्हापूरपेक्षा जवळ. बारावी कर्नाटकातून झाली की ‘अ’ प्रकार गेला. मग मुलाचा, आईचा किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखवून ‘ब’ प्रकारातून यावं लागतं. सीमाभागातल्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी मुलांसाठी ‘इ’ प्रकार आहे. त्यांना गाव सीमाभागात असल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं, अशी दोन प्रमाणपत्रं ठरलेल्या नमुन्यात लागतात. साध्या कागदावर सरपंचाचं पत्र घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना परत पाठवताना जीव तुटतो.

आता पात्रता. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे, तिसरा विषय बहुतेकांचा रसायनशास्त्र. तिन्हींत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४० टक्के. सीईटी २०० गुणांची: गणित १००, भौतिक ५०, रसायन ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. डिप्लोमा झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाची वेगळी प्रक्रिया आहे. चष्मा असला तर चालतं का, असं पालक दरवर्षी विचारतात. चालतं. डोळ्यांची वैद्यकीय तपासणी वैमानिक होणाऱ्यांना लागते, बी.टेक.ला नाही.

आपल्या टापूत आष्ट्याच्या अण्णासाहेब डांगे महाविद्यालयात एरोनॉटिकल आहे आणि अतिग्रेच्या संजय घोडावत विद्यापीठात एरोस्पेस. खासगी विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र असते, हे आधी नीट समजून घ्या. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची निम्मी फी सवलत, किंवा आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी पूर्ण शिक्षण शुल्क माफी, या गोष्टी कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्यांसाठी आहेत. खासगी विद्यापीठांना त्या लागू नाहीत. पैसे भरून झाल्यावर हे कळलेलं घर मला माहीत आहे.

आणखी एक गल्लत. विमान देखभालीचा, म्हणजे एएमईचा, कोर्स हा बी.टेक. नव्हे. एएमईचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे केंद्राची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था, देते, आणि संस्थेलाही डीजीसीएचीच मान्यता लागते. उजळाईवाडीला विमान उतरताना पाहून ‘मला यात काम करायचंय’ म्हणणाऱ्या मुलाला आधी विचारा: विमानाची रचना शिकायची आहे की हातात पाना घेऊन ते उडण्यालायक ठेवायचं आहे? दोन्ही मानाची कामं आहेत, पण वाटा वेगळ्या. जाहिरातीत ‘एरोनॉटिकल’ शब्द दिसला म्हणून सही करू नका. पदवी कोणतं विद्यापीठ देणार, ते लेखी विचारा.

सगळ्यात जास्त मुलं रडतात ती जात पडताळणीपाशी. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला प्रांत कार्यालयातून येतो, दुसरा जिल्हा जात पडताळणी समितीकडून. अर्ज अकरावीतच करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. कॉलेजचं १५-अ पत्र आणि नमुना ३ व १७ ची शपथपत्रं ही कामं एका आठवड्यात होतात. वेळ जातो तो जुन्या पुराव्यात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी आणि एसबीसींना (विशेष मागास प्रवर्ग) १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद लागते. पणजोबांच्या शाळेचं रजिस्टर, गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), संस्थानकाळच्या मोडी नोंदी, इथं शोधा. मोडी वाचून घ्यायलाही दिवस लागतात. वडिलांची, सख्ख्या भावाची किंवा चुलत्याची व्हॅलिडिटी असेल तर काम खूप हलकं होतं. नाही म्हणायला समितीकडे अर्ज केल्याची पावती सुरुवातीला चालवून घेतात, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही की तुमचं मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. पावती मिळाली म्हणून निवांत बसणारे इथंच फसतात.

नॉन-क्रिमी लेअर दाखल्याची, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत नीट वाचा. ज्या वर्षी प्रवेश घेता, त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध हवा. म्हणजे जून २०२६ मध्ये प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७. ‘अजून वर्ष झालं नाही, चालेल’ हा हिशेब चुकीचा. मराठा मुलांना एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखल्यासोबतही नॉन-क्रिमी लेअर लागतं. आयआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांसाठी जेईई देणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: एसईबीसी फक्त राज्यात चालतं. केंद्राच्या ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखल्यांचा नमुना वेगळा असतो आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे लागतात. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेसचं स्वप्न असेल तर राज्याचा दाखला तिथं कामाचा नाही. दोन कार्यालयांना एकच माहिती दोन नमुन्यांत द्यायची, हा त्रास मुलांना का, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर कॅपची नोंदणी वेगळी करायची, कागद अपलोड करायचे आणि छाननी पूर्ण होईपर्यंत रोज लॉगिन उघडून बघायचं. त्रुटी तिथंच लिहून येते, घरी पत्र येत नाही. नोंदणीची शेवटची तारीख आणि छाननी पक्की होण्याची शेवटची तारीख या दोन निराळ्या तारखा आहेत.

पसंतीक्रम भरताना घाई नको. २०२५-२६ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप गोठत होती, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत दुसरी जागा मागता येत नव्हती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तरी तसंच. म्हणून ‘असू दे वर’ म्हणत नको असलेली शाखा वरच्या ओळीत टाकू नका. शिक्षण शुल्क माफीच्या राखीव जागा (टीएफडब्ल्यूएस) मुलींच्या माफीहून वेगळ्या, त्यांचा कोड शेवटी ‘टी’ असलेला असतो. तो वेगळा भरला नाही तर ती जागा मिळत नाही.

आणि अर्जात मोबाइल नंबर मुलाचा किंवा आईवडिलांचाच द्या. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकलेला असतो, ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि शेवटच्या दिवशी त्याचं दुकान बंद असतं.