पास कोणी दिला आणि कोणी घेतला?

ब्रेबॉर्न स्टेडियमवरून वानखेडेला चालत जायला दहा-बारा मिनिटं पुरतात. एवढ्याशा अंतरात दोन कसोटी मैदानं कशी, याचं उत्तर बरंचसं तिकिटांत आहे. ब्रेबॉर्न १९३७ सालचं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ताब्यातलं. कसोटी आली की तिकिटांच्या वाट्यासाठी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला क्लबशी भांडावं लागे. १९७३च्या इंग्लंड कसोटीनंतर हे भांडण तुटेपर्यंत ताणलं. आमदारांच्या सामन्यासाठी मैदान मागितलं आणि क्लबचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी नकार दिला, तिथून ठिणगी पडली, असा किस्साही जुने क्रिकेटवाले सांगतात. असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, आणि तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही तेच. जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी असोसिएशनने बांधलेल्या नव्या वानखेडे मैदानावर झालीसुद्धा.

लोकप्रतिनिधींनी काय घ्यावं आणि काय नाही, हा प्रश्न संसदेपुढे त्याआधीच येऊन गेला होता. १९५१मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशन या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू मांडल्याचं चौकशीत निघालं. हकालपट्टीचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. २००५मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे अकरा खासदार घरी गेले. दोन्ही वेळी मामला रोख रकमेचा होता. रोख पकडणं त्या मानाने सोपं.

सामन्याचा पास, कंपनीच्या खर्चाने हॉटेलातला मुक्काम, हे मात्र निसटतं. राज्यसभेची नीतिमत्ता समिती १९९७मध्ये नेमली गेली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते आपले शंकरराव चव्हाण. समितीच्या आचारसंहितेनुसार निःपक्ष कामात अडथळा येईल अशी भेट सदस्याने घेऊ नये. किरकोळ भेटवस्तू, स्वस्तातली स्मृतिचिन्हं आणि रीतीप्रमाणे होणारा पाहुणचार मात्र चालेल. रीत कोणाची, हे कोणी ठरवायचं? आपल्याकडे तर पाहुण्याला ‘नको’ म्हणू देत नाहीत. सदस्यांनी आपले आर्थिक हितसंबंध जिथे नोंदवायचे, त्या राज्यसभेच्या नोंदवहीत पाच रकाने आहेत: मानधनाचं संचालकपद, नियमित कमाईचं काम, कंपनीतला नियंत्रक हिस्सा, सल्लागारी, व्यावसायिक काम. फुकट तिकिटाला रकाना नाही.

ब्रिटनमध्ये तो आहे. पॉलसन प्रकरणात राजकारण्यांचे एका वास्तुरचनाकाराशी असलेले लागेबांधे उघडे पडले आणि १९७४मध्ये खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवण्याचा ठराव झाला. आता एकाच स्रोताकडून ३०० पौंडांवरचा पाहुणचार मिळाला की तिथे नोंद करावी लागते. म्हणूनच २०२४मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांची फुटबॉलची आणि गायिका टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमाची तिकिटं चव्हाट्यावर आली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी काही भेटींपोटी सहा हजारांवर पौंड परत केले. नोंदीने घेणं थांबलं नाही, पण देणारा कोण ते कळलं.

आपली अडचण नोंदीच्याही आधीच सुरू होते. वानखेड्यांनंतर मनोहर जोशी, शरद पवार, विलासराव देशमुख हेही मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले. पास वाटणारी खुर्ची आणि पास घेणाऱ्यांची रांग एकाच घरातली. उद्या रकाना आलाच, तर ‘देणाऱ्याचं नाव’ या ओळीत पुढाऱ्यांना एकमेकांचीच नावं लिहावी लागतील.