बिग ब्लूस्टेम

उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या प्रेअरीचं, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांचं, मुख्य बहुवर्षायू गवत. ज्वारी आणि ऊस याच जमातीतले, आणि आपल्या माळावरची कुसळी अन् मारवेल ही गवतंसुद्धा आधी याच्याच अँड्रोपोगॉन प्रजातीत धरलेली, नंतर वेगळी काढली.

नावाचा घोळ जुना आहे. गवत अमेरिकेचं, पण शास्त्रीय नाव पडलं फ्रान्समधल्या रोपावरून. लुई जेरार या फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाला ते प्रोव्हान्समध्ये दिसलं (बहुधा तिथे आणलेलंच असावं), आणि १७९२ मध्ये व्हिटमन या इटालियन वनस्पतीतज्ज्ञाने जेरारच्या नावाने अँड्रोपोगॉन जेरार्डी केलं. अमेरिकेत मात्र बराच काळ अँड्रोपोगॉन फर्केटस हेच नाव चालायचं. आता वाद एवढाच की जेरार्डीच्या शेवटी 'आय' एक की दोन, बऱ्याच पुस्तकांत दोन आहेत, पण व्हिटमनने एकच लिहिलाय आणि तेच जास्त पटतं.

ओळखायचं तर तुरा बघा. उंच दांड्याच्या टोकाला बहुतेक तीन कणसं एकाच जागेवरून फाकलेली, टर्कीच्या पायासारखी, म्हणून टर्की फूट हेही नाव. कणसावर कणिशकं (फुलांचे बारीक झुबके) जोडीने, एक बिनदेठाचं आणि वाकड्या कुसळाचं, दुसरं देठाचं. खोड बुडाशी निळसर, थंडीच्या तोंडाला सगळं गवत तांबूस होतं. सोबतच्या गवतांपैकी लिटल ब्लूस्टेम बुटकं, त्याची कणसं एकेकटी. इंडियन ग्रासचा तुरा पिवळसर भरगच्च. नेब्रास्कातल्या सँडहिल्सच्या वाळूत मात्र हॉल्स ब्लूस्टेमशी गल्लत होते, त्याच्या कणसावर केस खूप दाट असतात.

हे गवत १ ते ३ मीटर वाढतं, मुळं २ मीटरच्याही खाली जातात, जमिनीतल्या आडव्या खोडांमुळे आगीनंतर पुन्हा फुटतं. प्रेअरी हवामानाने झाली की आगीने यावर मतभेद आहेत. वनस्पतीतज्ज्ञ ट्रान्सोने १९३५ मध्ये 'प्रेअरी पेनिन्सुला' (पूर्वेकडच्या जंगलात घुसलेली प्रेअरीची जीभ) मांडताना भर कोरड्या हवामानावर दिला, भूगोलतज्ज्ञ सॉअरने माणसाने लावलेल्या आगीवर. पूर्वेकडच्या ओलसर भागात आग नसेल तर झाडं शिरतात, त्यामुळे तिथे तरी आगीचं पारडं जड वाटतं.

१८३७ मध्ये जॉन डिअर या अमेरिकन लोहाराचा पोलादी नांगर आला आणि प्रेअरीची काळी जमीन मक्याखाली गेली, उंच गवताची प्रेअरी आता जेमतेम ४ टक्के उरली असं सांगतात. त्यातला मोठा तुकडा कॅन्ससच्या फ्लिंट हिल्सचा, कारण तिथे मातीखाली लगेच चुनखडी आणि गारगोटी लागते, नांगर चालतच नाही. तिथले गुराखी अजूनही दर वसंतात कुरणं जाळतात.