पहिल्या पिढीचे महाविद्यालयीन शिक्षण (महाराष्ट्र)

ज्या घरात आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही महाविद्यालयात गेलेले नाही, अशा घरातून पहिल्यांदाच एखाद्याने पदवीच्या वर्गात प्रवेश घेणे. खेड्यापाड्यांत असा मुलगा ‘घरातला पहिला पंधरावी’ म्हणून ओळखला जातो. व्याख्या सोपी दिसते, पण कोणाला मोजायचे हे ठरवताना अडते. वडील डी.एड. करून मास्तर झालेले असले तर काय? थोरल्या बहिणीने एफ.वाय.ला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) नाव घातले आणि लग्न ठरल्यावर ते सुटले, तर धाकटा पहिला की दुसरा? तामिळनाडूने याचे प्रशासकीय उत्तर काढले आहे. तेथे २०१०–११ पासून घरातल्या पहिल्या पदवीधराला तसा सरकारी दाखला मिळतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात सवलत मिळते. मात्र कुटुंबातील एकालाच. महाराष्ट्रात शिष्यवृत्त्या प्रामुख्याने जात, जमात आणि उत्पन्न पाहून दिल्या जातात, आई-वडील किती शिकले हे पाहून नव्हे.

घरात पहिला म्हणजे निरक्षर घरातलाच, असे नाही. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक होऊन एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले, तेव्हा त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले होते. घरात वाचन होते, शिस्त होती. नव्हता तो महाविद्यालयाचा खर्च झेपण्याजोगा पैसा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून पुढचे शिक्षण झाले.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पहिली काही दशके तेथे पोचणारी मुले बहुतेक लिहिण्या-वाचण्याची परंपरा असलेल्या घरांतली होती. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी त्यावर बोट ठेवले : सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. त्याच निवेदनातील एक सूचना क्वचितच आठवली जाते. विद्यापीठ प्रवेश परीक्षेला खाजगी विद्यार्थी बसू देते, तसेच बी.ए., एम.ए.लाही बसू द्यावे, असे त्यांनी सुचवले होते. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्याची अडचण त्यांनी इतक्या लवकर ओळखली होती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, १९८९ साली सुरू झाले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत भक्कम उत्तर मिळाले ते वसतिगृहाच्या रूपाने. महाविद्यालय शहरात आणि घर खेड्यात. फी कशीबशी भरली तरी राहायचे कुठे आणि दोन वेळा खायचे काय, यावर मुलाचे शिक्षण अडून राही. ज्यांचे नातेवाईक पुण्या-मुंबईत नोकरीला होते त्यांना हा प्रश्न पडत नसे. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० पासून होते, पण बहुजन मुलांची सोय लागली ती शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केल्यावर. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगे झाली, अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह आले. जातवार बोर्डिंगांवर टीका होते आणि ती निराधार नाही. मात्र त्या काळी आपल्या जातीच्या बोर्डिंगात पोरगा पाठवायला घरचे तयार होत, एरवी होत नसत, हेही खरे आहे.

ही जातीची भिंत भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात पाडली. त्यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९४७ मध्ये साताऱ्यात संस्थेचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ‘कमवा व शिका’ ही तिथली रीत होती : शेतात, बांधकामावर, कोठीत काम करायचे आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवायचा. आज विद्यापीठांत याच नावाची योजना चालते, पण तिचे स्वरूप ग्रंथालयात किंवा कार्यालयात तासावर काम करण्याइतके आकसले आहे. मूळ कल्पनेत कष्ट हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. भाऊराव स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली.

आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६) काढले. सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्यांची तिथे सोय झाली. १९५० मध्ये याच संस्थेने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. मराठवाड्यात तोवर उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. नागसेनवन या त्याच्या परिसरातील वसतिगृहांत राहून शिकलेल्या पिढीतून दलित साहित्याचे अनेक लेखक आणि प्राध्यापक पुढे आले. विदर्भात पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेने अमरावतीतून असेच काम केले. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, जागा वाढल्या. पहिल्या पिढीतल्या कित्येकांसाठी मात्र त्या जागेची किंमत एकर-अर्धा एकर जमीन ठरली.

तालुक्याला महाविद्यालय आल्यावर चित्र बदलले, विशेषतः मुलींसाठी. एस.टी.चा सवलतीचा पास काढून संध्याकाळी घरी परतता येते म्हणून पाठवलेल्या मुली पुष्कळ आहेत. शहरात खोली करून राहणाऱ्या मुलांचा डबाही वर्षानुवर्षे एस.टी.नेच आला : आई पहाटे भाकरी बांधून गाडीत ठेवी, वाहक तो स्टँडवर उतरवी. २०१६–१७ पासून सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ आणि आदिवासी विद्यार्थ्यांना ‘स्वयम्’ योजनेतून राहण्या-जेवण्याची रक्कम बँक खात्यात दिली जाते. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. मात्र खोलीचे भाडे आणि मेसचे बिल त्यात येत नाही, आणि जुना प्रश्न तर तोच होता.

नवी अडचण कागदांची आहे. कॅप राउंड (केंद्रीभूत प्रवेशाची फेरी) म्हणजे काय, पसंतीक्रम कसा भरायचा, कोणती शाखा कुठे नेते, हे सांगणारे घरात कोणी नसते. सल्ला सेतू केंद्रातल्या किंवा नेट कॅफेतल्या माणसाचा. सर्वांत अवघड गाठ राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राची. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो सहसा आजोबा-पणजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात सापडतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयात जुने कोतवाल बुक काढून जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधाव्या लागतात, कधी मोडी वाचणारा गाठावा लागतो. हे एकदा पार पडले की सख्ख्या भावंडांचे आणि वडिलांकडच्या चुलत भावंडांचे काम बरेच सोपे होते. त्यांना अर्जासोबत पहिल्याच्या वैधता प्रमाणपत्राची प्रत रक्तनात्याचा पुरावा म्हणून जोडता येते.