एटीपी (ॲडिनोसिन ट्रायफॉस्फेट)

अन्नातली ऊर्जा पेशीतील प्रत्यक्ष कामापर्यंत पोचवणारा रेणू. ॲडेनीन, रायबोज शर्करा आणि ओळीने जोडलेले तीन फॉस्फेट गट अशी त्याची रचना. कार्ल लोहमान यांनी १९२९ मध्ये तो स्नायूंतून वेगळा केला.

शेवटचा फॉस्फेट गट पाण्याशी अभिक्रिया होऊन सुटला की एडीपी (दोन फॉस्फेट गटांचे ॲडिनोसिन डायफॉस्फेट) उरते आणि प्रमाण परिस्थितीत दर मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. बंध तुटल्यामुळे ही ऊर्जा बाहेर पडते असे सर्रास लिहितात. ते चूक आहे. बंध तोडायला उलट ऊर्जा लागते. ऋणप्रभारित फॉस्फेट गट एकमेकांना दूर लोटत असतात. ते सुटे झाल्यावर बनणारे पदार्थ अधिक स्थिर असतात आणि त्या फरकाची ऊर्जा पेशीला मिळते.

एटीपीला कोठार म्हणणेही बरोबर नाही. खरा साठा ग्लायकोजेन, स्टार्च आणि मेद यांचा. माणसाच्या अंगात एका वेळी १०० ग्रॅमच्या आसपासच एटीपी असते, पण मोडून-जोडून ते इतके वापरले जाते की दिवसाची उलाढाल जवळजवळ शरीराच्या वजनाएवढी भरते.

एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडण्याचे हे काम मुख्यतः पेशीतल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) होते. तिथे आतल्या पटलापलीकडे लोटलेले प्रोटॉन परत येताना एटीपी सिंथेज हे विकर अक्षरशः फिरते. (पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या प्रोटॉनच्या या सिद्धांताला १९७८ चे नोबेल मिळाले.) प्राणवायू असेल तर एका ग्लुकोजमागे सुमारे ३० ते ३२ एटीपी मिळतात, नसेल तर अवघे २. गोव्यात माडाच्या सुरेतले यीस्ट या दोनांवर भागवते. सान्नां (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या इडल्या) फुगतात ती त्यातून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडने.

पुरवठा तुटला की काय होते, हे मडगावच्या मासळी बाजारात हाताला कळते. स्नायू आखडायला एटीपी लागते, तसेच सैल पडायलाही: मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाचे डोके ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यावरून सुटते ते एटीपी येऊन चिकटल्यावरच. मासा मेल्यावर एटीपी संपत जाते आणि धागे अडकून राहतात. म्हणून ताजा बांगडा डोक्याकडून धरला तरी शेपटी लोंबत नाही. पुढे विकरांनी प्रथिने झिजली की तो मऊ पडतो. दरम्यान एटीपीपासून एडीपी, एएमपी (एकच फॉस्फेट गट उरलेले) आणि मग आयएमपी (आयनोसिन मोनोफॉस्फेट) बनते. हुमणातल्या (गोव्याच्या माशांच्या आमटीतल्या) ताज्या बांगड्याच्या चवीत या आयएमपीचा मोठा वाटा असतो. त्यानंतर आयनोसिन आणि शेवटी कडवट हायपोझँथिन. बर्फाने ही घसरण मंदावते. मासळीचा ताजेपणा ठरवणारे ‘के-मूल्य’ याच घटकांच्या प्रमाणावरून काढतात.