सोनेरी हॅमस्टर: अलेप्पोच्या एका बिळातून नागपूरच्या घराघरांत

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने दुकानातून सोनेरी हॅमस्टरची, म्हणजे उंदरासारख्या छोट्या प्राण्यांची, जोडी आणली. "एकटा कंटाळतो, दोन न्या," असं तिला सांगण्यात आलं होतं. आठवडा झाला नसेल, मादीने नराचा कान फाडला. "मामा, यांचं भांडण कशावरून झालं?" भाचीने रडत विचारलं. कशावरूनच झालं नव्हतं. ही जात मुळातच एकटी राहणारी आहे, आणि ते समजायला तिच्या मूळ गावी जावं लागतं.

ते गाव म्हणजे उत्तर सिरियातल्या अलेप्पो शहराभोवतीचा सपाट, शेतीचा प्रदेश आणि त्याला लागून असलेली तुर्कस्तानातली थोडी जमीन. या पट्ट्याबाहेर तो रानात आढळत नाही. अठराव्या शतकात अलेप्पोत राहिलेल्या रसेल या डॉक्टर बंधूंच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. एका हॅमस्टरच्या गालातली पिशवी उघडली, तर आत घेवड्याच्या कोवळ्या शेंगा एकीला एक लावून ठासून भरलेल्या होत्या. बाहेर काढून मोकळ्या ठेवल्या तेव्हा ढीग त्या जिवाच्या अंगाच्या तिप्पट झाला. पुढे १८३९ मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉटरहाउस यांनी या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं.

त्याला माणसांत आणलं ते मात्र आपल्याच ओळखीच्या रोगाने. एकेकाळी बिहार-बंगाल-आसामात असंख्य बळी घेणारा, वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा काळा आजार. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर या गटातल्या रोगांवर काम करत होते. प्रयोगासाठी चिनी हॅमस्टर वापरत, पण प्रयोगशाळेत त्यांना पिलंच होत नसत. मग प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी अलेप्पोला गेले. १२ एप्रिल १९३० रोजी गव्हाच्या शेतात मजुरांनी सुमारे आठ फूट खणल्यावर एक मादी आणि तिची अकरा पिलं हाती लागली. डब्यात घातल्यावर बिथरलेल्या आईने जवळ आलेल्या पहिल्याच पिलाला चावून मारलं. बाकीची वाचवण्यासाठी आईलाच मारावं लागलं, आणि डोळेही न उघडलेली पिलं माणसांनी हाताने वाढवली. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी त्या आईचं वाईट वाटतं.

पुढे काही पिलं लाकडी पिंजरा कुरतडून पळाली. उरली ती बोटांवर मोजण्याइतकी. त्या सख्ख्या भावंडांपासून वर्षभरात दीडशेच्या आसपास वंशज झाले. १९३१ मध्ये ॲडलर यांनी काही इंग्लंडला नेले, १९३८ मध्ये ते अमेरिकेत पोचले आणि प्रयोगशाळेतून घरांत शिरले. आज जगभर पाळले जाणारे जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एकाच बिळातले.

१९९७ आणि १९९९ मध्ये जर्मनीच्या रोल्फ गॅटरमान यांच्या गटाने अलेप्पोजवळ तीसेक बिळं तपासली. एकाही बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ प्राणी नव्हते. बिळांची सरासरी खोली ६५ सेंटिमीटर, म्हणजे वरची जमीन तापली तरी खाली गारवा. पिंजऱ्यात रात्री चाक फिरवत बसणारा हा प्राणी रानात चक्क दिवसाउजेडी बाहेर येतो, हेही पुढच्या अभ्यासात दिसलं.

आपल्या नागपुरात नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तारेच्या पिंजऱ्यात ही खोली कुठून येणार? भाचीने आता दोघांना वेगळं केलंय. प्रत्येकाला वीतभर उंच भुशाचा थर दिलाय. फुटक्या माठाची मोठी खापरी आत उपडी ठेवलीय. पिंजरा खिडकीतून काढून आतल्या खोलीत, शहाबादी फरशीवर ठेवलाय. कूलर चालतो, पण त्याचा झोत थेट अंगावर येऊ देत नाही. दुपारी मादी भुशात बोगदा करून खापरीखाली शिरते आणि शेंगदाणे गालात भरून तिथेच नेऊन ठेवते.

तिकडे अलेप्पोच्या शेतांत शेतकरी त्याला पिकाचा चोर समजतात आणि बिळात विष टाकतात. रानातली त्याची संख्या घटत चालली आहे.