ॲटिक गारच हवं

दर जानेवारीत मिनेसोटा, मिशिगन किंवा टोरोंटोच्या नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास येतो. टुमदार घर, छपरावर पांढराशुभ्र बर्फ आणि कडेला हात-हात लांब लोंबणारे बर्फाचे सुळके. ग्रुपवर सगळे ‘वा, काय सुंदर!’ म्हणतात. मला मात्र त्यात घराचं गॅसचं बिल दिसतं. बाहेर उणे दहा अंश असताना छपरावर पाणी आलं कुठून? थोडंफार उन्हामुळे, पण बहुतेक वेळा खालच्या फर्नेसने, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीनेच, तो बर्फ वितळवलेला असतो.

तिकडे वरच्या मजल्याच्या छतावर, उतरत्या छपराखाली जी रिकामी जागा असते ती ॲटिक. तिथे कोणी राहत नसेल तर ती तापवायची नसते. इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या मालाचा थर पसरतात तो ॲटिकच्या तळाशी, म्हणजे खालच्या खोल्यांच्या छतावर. त्याच्या वर बाहेरच्याइतकंच गार असलं पाहिजे आणि त्यासाठी छपराच्या कडेला नि माथ्यावर मुद्दाम झरोके ठेवलेले असतात. ‘आमचं ॲटिक फार गार पडतं’ असं कोणी म्हणालं, तर समजावं की काम चोख झालं आहे.

तसं झालं नाही, तर ॲटिकमधल्या उबेने बर्फाचा खालचा पापुद्रा वितळतो. पाणी बर्फाखालूनच घरंगळत कडेला येतं. कडेचा भाग भिंतीच्या बाहेर आलेला, त्याच्याखाली घर नाही. तिथे ते गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडून तुंबतं. छपराच्या शिंगल्स, म्हणजे एकावर एक चढवलेल्या पातळ चकत्या, वाहतं पाणी खाली सोडण्यासाठी बसवलेल्या असतात, साठलेलं अडवण्यासाठी नव्हे. मग पाणी त्यांच्या फटींतून उलटं वर शिरतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘उष्णता वर जाते ना, मग वर जाड गादी घाला.’ यात अर्धी चूक आहे. वहनाने उष्णता सगळीकडे जाते. तिला वर-खाली कळत नाही. वर जाते ती गरम हवा, आणि तीही ढकलली जाते म्हणून. २१ अंशांच्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२० किलो, उणे १० अंशांच्या हवेची १.३४. दुमजली घराची उंची ५ मीटर धरा. आतला हवेचा स्तंभ बाहेरच्यापेक्षा दर चौरस मीटरला ०.७ किलोने हलका, म्हणजे दाबातला फरक ७ पास्कल. फटी वर-खाली सारख्याच असतील तर मधोमध एक तटस्थ पातळी येते: तिच्याखाली बाहेरची हवा आत खेचली जाते, वर आतली बाहेर. छताच्या वाट्याला आले साडेतीन पास्कल. आकडा किरकोळ वाटतो, पण बर्नुलीच्या सूत्रात घाला: मोकळ्या भोकातून सेकंदाला सव्वादोन मीटरहून जास्त वेग निघतो. दिवसरात्र, हिवाळाभर.

आता ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची इन्सुलेशनची गादी, काय करते ते पाहा. काच स्थिर हवेच्या सुमारे चाळीसपट उष्णता वाहून नेते! अडवते ती तंतूंमध्ये अडकून निश्चल झालेली हवा. तीच हवा खालून रेटा येऊन सरकू लागली, की जाळीदार स्वेटर घालून मोटरसायकल चालवल्यासारखं होतं. शिवाय त्या हवेबरोबर बाष्प जातं. २१ अंश आणि ४० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, सात अंशांच्या आसपास असतो. छपराच्या आतल्या थंडगार फळ्यांवर त्याचं हिव धरतं. ऊन पडलं की ते ठिबकतं आणि लोक छप्पर गळतंय म्हणून माणूस बोलावतात.

थर उष्णतेला किती अडवतो ते आर या मापाने सांगतात. आर जितका जास्त, तितकी गळती कमी. अमेरिकेच्या थंड राज्यांत आज आर-६० सुचवतात, म्हणजे सेल्युलोजचा (कागदाच्या लगद्यासारख्या तंतूंचा) साधारण १७ इंचांचा थर. उष्णतेची गळती आरच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून आर-१० वरून २० वर जाताना जितकी बचत होते त्याच्या पंधराव्या हिश्श्याएवढीच ५० वरून ६० वर जाताना होते. त्याउलट १०० चौरस मीटर छतावर आर-६० घातलं आणि ॲटिकमध्ये चढायच्या वाटेचं अर्ध्या चौरस मीटरचं झाकण आर-२ चंच ठेवलं, तर एकूण गळतीतला जवळपास आठवा हिस्सा त्या एका झाकणातून जातो. घर घेताना दाराची दिशा होकायंत्राने तपासणारे आपले लोक हे झाकण उचलूनही पाहत नाहीत.

‘अंतराळ तंत्रज्ञानाचा’ उष्णतारोधक रंग फासून आर वाढवून देणारेही भेटतील. रंगाचा थर कागदाएवढा, तो वहन कितीसं अडवणार? अशा दाव्यांवरून ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२० मध्ये चार विक्रेत्यांना कोर्टात खेचलं.

तेव्हा आधी भोकं बुजवा: छतात बसवलेल्या दिव्यांभोवतीची, नळांच्या पाइपांभोवतीची, झाकणाच्या कडेची. चिमणीजवळ मात्र भोकं बुजवायचा फोम नको. तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच हवं. बाथरूमच्या पंख्याचं तोंड ॲटिकमध्ये नव्हे, घराबाहेर काढा. थर त्यानंतर, आणि कडेचे झरोके न झाकता. जुन्या घरात खड्यांसारखं चकचकीत, करड्या-सोनेरी रंगाचं व्हर्मिक्युलाइट (इन्सुलेशन म्हणून ओतलेलं खनिज) दिसलं, तर हात लावू नका, झाडू तर नकोच. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून १९९० पर्यंत निघालेल्या मालात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास कर्करोग करणारे तंतू, होतं आणि अमेरिकेत विकलं गेलेलं बहुतेक व्हर्मिक्युलाइट तिथलंच. झाकण बंद करून जाणकार माणसाला बोलवा.