डिपर मारला म्हणजे 'तू जा' की 'मी येतोय'?

लंडनमधे पहिल्यांदा गाडी काढली तेव्हाची गोष्ट. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना गाड्या पार्क केलेल्या, मधून एकच गाडी कशीबशी जाईल एवढी जागा. समोरून एक जण आला आणि त्याने डिपर मारला. मी शहाण्यासारखा थांबलो. त्याने परत मारला, मी अजून कडेला घेतली. तिसऱ्यांदा मारून त्याने हातच हलवला, 'अरे ये की बाबा' असा, तेव्हा डोक्यात उजेड पडला की हा बिचारा मघापासून मला वाट देतोय आणि मी त्याला, आणि मागे चार गाड्या ताटकळतायत.

नवीन देशात गाडी चालवताना साइड बदलते, पाट्या बदलतात, ते सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडतं. घोळ होतो तो असल्या खुणांचा, कारण खूण तीच असते आणि अर्थ पार उलटा.

तर पहिला अर्थ 'तू जा'. ब्रिटनमधे आणि जपानमधे हा सर्रास चालतो. समोरचा स्लो होतो, एकदा हलकेच लाइट मारतो, तुम्ही वळायचं. आता गंमत बघा, ब्रिटनच्या हायवे कोडचा, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकाचा, ११० वा नियम म्हणतो की लाइट फक्त 'मी इथे आहे' हे कळवायलाच मारायचा, दुसरा कुठलाही निरोप द्यायला नाही, आणि १११ वा म्हणतो की कोणी लाइट मारला म्हणजे तुम्हाला 'जा' म्हणतोय असं अजिबात धरू नका. म्हणजे पुस्तकात एक आणि रस्त्यावर रोज हजारो लोक करतात ते भलतंच, आणि ठोकली गेली तर कोणी रस्ता बघणार नाही, पुस्तकच उघडणार.

दुसरा अर्थ 'मी येतोय, मधे येऊ नकोस'. इटलीत समोरून लाइट चमकला तर बहुतेक वेळा हाच अर्थ घ्यायचा, तो थांबणार नाहीये, तो फक्त तुम्हाला आधी सांगतोय. जर्मनीत तर कायद्यातच आहे की गावाबाहेर ओव्हरटेक करताना पुढच्याला लाइट मारून कळवता येतं. पण मागून अगदी चिकटून सारखे लाइट मारत राहिलात तर ती जबरदस्ती धरली जाऊन फौजदारी केस होऊ शकते, त्यामुळे तिथेही हात जरा आवरूनच. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातसुद्धा लाइट हा हॉर्नच्या ऐवजी वापरायचा इशारा म्हणूनच आहे. कागदावर सगळीकडे हा दुसरा अर्थच खरा आणि 'तू जा' हा लोकांनी आपापसात ठरवलेला चांगुलपणा, असं माझं मत.

मग ओळखायचं कसं? लाइटकडे बघू नका, गाडीकडे बघा. वाट देणारी गाडी आधी स्लो होते, ब्रेक लागला की तिचं नाक किंचित खाली जातं, चाकं हळू फिरायला लागतात आणि लाइट मग येतो. 'मी येतोय'वाला लांबूनच लाइट मारतो आणि त्याचा स्पीड तसाच असतो, कधीकधी वाढतोसुद्धा. स्पीड कमी झालेला दिसत नाही तोवर मी तरी वळत नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

आणि खरोखर वाट दिली असली तरी ती त्या एका माणसाने दिलीय, अख्ख्या रस्त्याने नाही, हे लक्षात ठेवा. जपानमधे याला चक्क नाव आहे, 'थँक्यू अपघात'. समोरची गाडी थांबून तुम्हाला जा म्हणते, तुम्ही उपकार मानत घाईघाईने उजवीकडे वळता, आणि त्या थांबलेल्या गाडीच्या बाजूने एक मोटरसायकल सरळ येत असते, तिला तुम्ही दिसत नाही, तुम्हाला ती. समोरचा खोळंबलाय म्हणून आपणच उगाच घाई करतो आणि तिथेच फसतो. वळताना निम्म्यावर क्षणभर थांबून त्या गाडीच्या पलीकडे डोकवायचं, तो थांबलाय तर अजून दोन सेकंद थांबेल.

तिसरा अर्थ पण आहे, 'पुढे पोलीस आहेत'. अमेरिकेत यावरून कोर्टबाजी झाली आणि २०१४ मधे मिसूरीतल्या एका फेडरल न्यायाधीशांनी हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं असं म्हटलं. सगळीकडे असं चालत नाही, त्यामुळे ही समाजसेवा परदेशात करायला जाऊ नका.

मी स्वतः नवीन शहरात पहिले काही महिने डिपर मारतच नाही, वाट द्यायची असेल तर सरळ थांबतो, थांबलेल्या गाडीचा अर्थ कुठेही एकच निघतो. आणि हॅझर्ड लाइटचंही, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात त्याचंही, असंच बरं का. जपानमधे पुढे घुसू दिलेल्या गाडीने दोनदा हॅझर्ड लुकलुकवले की ते 'थँक्यू', आणि जर्मन ऑटोबानवर पुढच्याने लावले तर पुढे जॅम आहे, गाड्या उभ्या आहेत, तेव्हा किती गोड माणूस आहे म्हणत हसत बसू नका, ब्रेक दाबा.